गॅसवाल्याच्या नावाने ठेवलेला नंबर

४ तारीख, मंगळवार

मुंगे,

आधी एवढंच वाच, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. काल दुपारी माझ्या नंबरवरून तुला "जुने फोटो, बघ ओळखतेस का" असं आलंय आणि खाली एक फाईल आहे. ती उघडू नकोस. ती मी पाठवलेली नाही. उघडली असशील तर फोनवर विमानाचं चित्र असतं ते दाब, म्हणजे फोनचं बाहेर बोलणं बंद होतं. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेला सांग, माझं खातं थांबवा. आपल्या फोनवरून सांगायचं नाही, कारण तो तेव्हा आपला राहिलेला नसतो. हे मला खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तीनदा पाठ करायला लावलंय.

आता पाणी पी. मीही पिऊन येते.

आले. बारा वर्षांनी तुला लिहितेय आणि सुरुवात ही अशी झाली. मनातल्या मनात कितीदा पत्र लिहिलं होतं. त्यात आधी तुझी तब्येत विचारायची, मग हवापाणी, मग हळूच बाकीचं. पण आज माझं चित्त थाऱ्यावर नाही. घाबरले तर आहेच, पण आनंदही इतका झालाय की सकाळी चहात दोनदा साखर घातली आणि तो पाक हसत हसत प्यायले. कारण तू उत्तर दिलंस. "आई?" एवढंच. एक शब्द आणि पुढे ते आकडीसारखं चिन्ह.

झालं असं, की आमच्या शर्टाच्या कारखान्यातल्या मुकादमबाई, त्यांच्याकडून काल सकाळी हेच आलं, जुने फोटो. मला वाटलं कारखान्यातले असतील. आम्ही बायका लांब टेबलाशी ओळीने बसून शर्टांचे धागे कापायचो, त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मी दाबलं. फोन विचारायला लागला, परवानगी आहे का. हो. मेसेज वाचू का. हो. ओळखीच्यांची यादी बघू का. हो. सात वेळा विचारलं, सात वेळा हो म्हटलं. कारखान्यात एकोणीस वर्षं तीच सवय लागली ना. मुकादमबाईंनी काही विचारलं की आधी हो म्हणायचं, काय विचारलं ते मागून कळायचं.

फोटो काही दिसले नाहीत. फोन मात्र तापला. कपाटावर ठेवला तर तिथेही गरम. मी ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. हसू नकोस, मला काय माहीत आत काय चाललंय.

आत काय चाललं होतं, तर माझ्या यादीतल्या प्रत्येकाला माझ्या नावाने तीच फाईल चालली होती. आणि बँकेचे मेसेज चोराकडे. नर्सबाईंनाही फाईल गेली. त्यांनी उघडली नाही, त्या कोणाचंच काही उघडत नाहीत. त्या तरातरा वर आल्या, फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात तुझं उत्तर टुणकन वर आलं. मुंगे, तुझा नंबर मी फोनमध्ये "गॅसवाला" म्हणून ठेवलाय. तुझ्या बाबांना माझा फोन चाळायची सवय होती, म्हणून. तर नर्सबाई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "काय हो, तुमचा गॅसवाला तुम्हाला आई म्हणतो?"

मी म्हटलं, "म्हणतो. भला माणूस आहे."

"गॅसवाल्याला प्रश्न पडलाय वाटतं," म्हणाल्या, आणि फोन पिशवीत टाकून मला मोबाईलच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने सगळं पुसून काढलं. फोन पाटीसारखा कोरा. नंबरही बंद करायला लावला, कारण त्या नंबरवरून माझा आवाज आला तरी त्यामागे कोण असेल सांगता येत नाही, असं म्हणाला. पुसायच्या आधी महत्त्वाचे नंबर वहीत लिहून घेतले. त्यात तुझा राहून गेला.

म्हणून हे पत्र. तुझा पत्ता एका जुन्या पाकिटावर आहे, तो अजून खरा असू दे. नवीन नंबर खाली मोठ्या अक्षरांत लिहिलाय. तू फक्त घंटी दे. काही बोलू नकोस हवं तर. एक घंटी, म्हणजे मला कळेल की तू उघडलं नाहीस.

आई

६ तारीख, गुरुवार

मुंगे,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसणार, तरी दुसरं लिहायला घेतलंय. पोस्टातला माणूस म्हणाला, "आजी, तुमच्या त्या गावी पाच दिवसही लागतात, पंधराही लागतात." मी म्हटलं, त्या फाईलला तर पापणी लवायच्या आत पोचता आलं. तो म्हणाला, "तिला तिकीट लावावं लागत नाही ना."

परवाच्या पत्रात मी "राहून गेला" असं लिहिलं. तसं नाही. ते खोडून परत लिहिते.

दुकानात नर्सबाई वही घेऊन बसल्या होत्या. त्या एकेक नाव वाचायच्या आणि मी सांगायचे, हा लिहा, हा सोडा. भाऊ, लिहा. बँक, लिहा. दळणवाला, सोडा. मग "गॅसवाला" आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "याचा नंबर तर सिलिंडरच्या पावतीवर असतो," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी तोंड उघडलं होतं. उघडलेलंच राहिलं.

कारण त्यांना माहीतच नाही की मला मुलगी आहे. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा त्यांनी जिन्यात विचारलं होतं, मूलबाळ? तुझे बाबा म्हणाले, "नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, हो.

तुला ठाऊकच आहे माझं हो. तू दारात पिशवी घेऊन उभी होतीस, ते म्हणाले हिने परत या घरात पाऊल ठेवायचं नाही, आणि माझ्याकडे वळून तसंच म्हणाले, "काय गं?" तेव्हाही तेच. मला वाटलं होतं, आत्ता हो म्हणून वेळ मारून नेऊ, नंतर बघू. पण नंतर काही बघता आलं नाही. फोनचंही तसंच असतं म्हणे, एकदा हो म्हटलं की ते आत जाऊन बसतं.

आता नर्सबाईंना काय सांगू, हा गॅसवाला माझ्या पोटचा आहे म्हणून? दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. मी विचार करत राहिले, कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, आणि तेवढ्यात त्या माणसाने बोट टेकवलं. "झालं आजी, साफ."

तुझा नंबर माझ्याकडे आला कसा, हे तुला कुठे माहीत आहे. सात वर्षांपूर्वी तू एका रविवारी फोन केला होतास. बाबांनी उचलला, ऐकलं, "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात मी तो नंबर जपून ठेवला. कधी लावला नाही. पण महिन्यातून एकदा तुझ्या नावावर बोट ठेवून ते गोल चित्र मोठं करायचे. आधी तिथे एक झाड होतं. मग तू होतीस, अर्धी. आणि गेल्या वर्षी एक मुलगी आली, पुढचा दात पडलेली. मला कुणी सांगितलं नाही, मी कुणाला विचारलं नाही, पण मी आजी झाले हे मला त्या नखाएवढ्या चित्रातून कळलं. त्या दिवशी मी खाली जाऊन पाव किलो पेढे आणले आणि सगळे एकटीने खाल्ले. नर्सबाईंना तेवढा एक दिला, म्हटलं, सहज.

आता ते चित्रही गेलं.

आणखी एक सांगायचं आहे, ते मी पत्राच्या तळाशी ठेवलं होतं. बाबा गेले. तीन वर्षं होतील. खुर्चीत बसल्या बसल्या, हातात रिमोट. त्यांच्या कपाटातल्या कागदाखाली तुझं पाकीट सापडलं, न फोडलेलं. त्यावरचाच हा पत्ता. मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं आणि तू आली असतीस तर मी कुठल्या तोंडाने दार उघडलं असतं, आणि आली नसतीस तर मग मी कशाच्या आशेवर ते गोल चित्र बघत बसले असते? म्हणून राहू दिलं.

उघडू नकोस गं ती फाईल. मला सारखं वाटतं, तू "आई?" विचारलंस, थोडी वाट बघितलीस, मी काही बोलले नाही, आणि मग तू उघडलीस. दुसऱ्या कुणाच्या फाईलला तू हात लावला नसतास. तू लहानपणीसुद्धा दुधाचा वास घेतल्याशिवाय प्यायची नाहीस.

आई

१२ तारीख, बुधवार

मुंगे,

घंटी आली नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणतो त्याच्याकडे फक्त येणाऱ्या पत्रांची माहिती असते, गेलेल्यांची नसते.

नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्या जिन्यात पायरीवरच बसल्या. मला वाटलं आता बोलणं टाकतील. त्या म्हणाल्या, "बाई, एवढी वर्षं तुम्ही पोटच्या मुलीची करावी तशी माझ्या भाचीची चौकशी करायचात. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग डोळे पुसून लगेच हुकूम सोडला, "नंबर आठवा."

तर ऐक. मला तुझ्या नंबराचे पहिले सहा आकडे आठवतात, तोंडपाठ, कारण चित्र बघताना दर वेळी ते वाचायचे. शेवटचा ५, तोही नक्की. मधले तीन कधी ७२०, कधी २७०, कधी ७०२. मग नर्सबाईंनी सगळे प्रकार कागदावर मांडले आणि आम्ही त्यांच्या फोनवरून एकेक लावत बसलो. पहिला बंद. दुसऱ्यावर एक बाई, ती म्हणाली तिला आई नाही, आणि बोलतच राहिली, आम्ही पंधरा मिनिटं ऐकलं. तिसरा एक गृहस्थ. मी म्हटलं, "माझ्या नंबरवरून फाईल आली असेल तर उघडू नका, तुमचं खातं रिकामं होईल." तो म्हणाला, "आजी, या वयात असले धंदे करता? लाज नाही वाटत?" नर्सबाईंनी फोन ओढून घेतला, "अहो, आम्ही तुम्हाला वाचवतोय." तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." आणि खरं आहे गं. चोर बोलतो तसंच आम्ही बोलत होतो. घाई करा, धोका आहे, माझं ऐका. माझ्याकडे त्याहून वेगळे शब्द नव्हते.

सहाही नंबर लावले. तू कशातच नव्हतीस.

बँकेतही जाऊन आले. काचेमागची मुलगी फार गोड. तिने माझं खातं थांबवलं, चोराच्या हाती लागलं ते थोडकं होतं. मी म्हटलं, माझ्या मुलीचंही थांबव. ती म्हणाली, "कुठल्या शाखेत?" माहीत नाही. "खात्याचा नंबर?" माहीत नाही. "आडनाव तरी? लग्नानंतरचं?" मुंगे, मला तुझं आडनाव माहीत नाही. त्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि मला पाणी दिलं. तिने एक तक्रारीचा नंबर दिला, फसवणुकीचा. तिथला माणूसही सभ्य होता. म्हणाला, ज्यांचं नुकसान झालं त्यांनी स्वतः फोन करायला हवा. मी विचारलं, ज्यांचं अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी कोण करतं? तो म्हणाला, "तुम्ही त्यांना सावध करा, आजी."

मुकादमबाईंचं खातं मात्र धुतलं गेलं. त्यांना कुणाकडून आली होती? त्यांच्या भावाकडून. त्याला कुणाकडून? कुणालाच पहिला माहीत नाही. प्रत्येकाने आपल्या माणसाचं म्हणून उघडलं. परक्याचं कुणीच उघडलं नव्हतं.

नर्सबाई मला रोज दुपारी शिकवतात. कुणी फोन करून म्हणेल, मी तुमची मुलगी, नंबर बदललाय, अडचणीत आहे. तो चोर. आवाज तिचा असेल, तरी चोर. रडायला लागली तर नक्कीच चोर, कारण रडणं हेच त्यांचं भांडवल. अशा वेळी काहीतरी विचारायचं, जे फक्त दोघींनाच ठाऊक. मी लगेच ठरवलं काय विचारायचं ते. मी कारखान्यातून यायचे तेव्हा तू काय करायचीस. माझ्या केसांतले, पदरावरचे धागे एकेक वेचायचीस आणि त्यांचा गोळा करून डब्यात ठेवायचीस. मुंगी नाव त्यावरूनच पडलं. तो डबा आहे अजून. हे आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक असणार. नर्सबाई म्हणाल्या, उत्तम प्रश्न. मला शाळेत पहिली आल्यासारखं वाटलं.

तूही शिकून ठेव. माझ्या जुन्या नंबरवरून परत कधी "मी आई" असं आलं, तर ती मी नाही. कितीही गोड लिहिलेलं असलं तरी नाही. आणि हेही लिहून ठेवते: माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आई

२० तारीख, गुरुवार

मुंगे,

काल दुपारी तूच होतीस ना.

मी भांडी घासत होते. अनोळखी नंबर. नर्सबाई शेजारीच होत्या, त्यांनी बोटाने खूण केली, सांभाळून. मी कानाला लावला. पलीकडून आधी नुसता गाड्यांचा आवाज. मग, "आई, मी बोलतेय."

आवाज जाड झालाय. मला तो बारा वर्षांपूर्वीचा आवाज पाठ होता, त्याच्याशी हा जुळेना. तू म्हणालीस, "माझा फोन बंद केलाय, हा दुसऱ्याचा आहे. मी उघडली गं ती. तुझे फोटो असतील म्हणून उघडली. सगळं गेलं." आणि रडायला लागलीस.

नंबर बदललेला. अडचण. रडणं. नर्सबाईंनी शिकवलेलं सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मी विचारलं, अगदी जसं शिकवलं तसं, न डगमगता, "मी कारखान्यातून यायचे तेव्हा तू काय करायचीस?"

रडणं थांबलं. मग तू म्हणालीस, "आई, आता परीक्षाही घेणार?"

आणि फोन ठेवलास.

नर्सबाई म्हणाल्या, "बघा, उत्तर आलं नाही. वाचलात." मी मान हलवली. पुन्हा भांड्यांकडे वळले. दोन ताटल्या घासून झाल्या असतील, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा नवा नंबर कुणाला ठाऊक आहे? बँकेला, नर्सबाईंना, भावाला, मुकादमबाईंना, आणि तुला. पत्रात मोठ्या अक्षरांत. पत्र पोचलं होतं, मुंगे. एवढं साधं मला सुचलं नाही. प्रश्न विचारताना सुचलं नाही.

साबणाच्या हाताने तो नंबर परत लावला. एका माणसाने उचलला. चष्म्याचं दुकान, म्हणाला. "एक बाई फोन मागायला आल्या होत्या. बोलल्या आणि लगेच गेल्या. कुठे राहतात माहीत नाही हो, पहिल्यांदाच बघितल्या. बरोबर एक छोटी होती."

मी विचारलं, दात पडलेला आहे का?

"पडलेला होता, आता अर्धा आलाय," तो म्हणाला. "तिने तेवढ्या वेळात माझ्या सगळ्या फ्रेमी घालून बघितल्या."

मी त्याला विचारलं, कुठली शोभली. तो थोडा गोंधळला, मग म्हणाला, "लाल." मुंगे, माझा चेहरा रडत होता आणि मी हसत होते. मी त्याला म्हटलं, ती परत आली तर तिला ती लाल फ्रेम द्या, पैसे मी पाठवते. तो म्हणाला, "आजी, हल्ली असे फोन फार येतात," आणि ठेवला. त्याचं काही चुकलं नाही.

माझ्या नावाने तुझं घर धुतलं गेलं आणि तू मला सांगायला फोन केलास, तर मी दारात पुरावा मागितला. मी सात वेळा चोराला हो म्हटलं. तुला एकदा म्हणायचं होतं.

तिकडे यावं असं मनात आलं. नर्सबाई येते म्हणाल्या बरोबर. पण पाकिटावरचा पत्ता घराचा नाहीच, तिकडच्या पोस्टात भाड्याने घेतलेल्या टपालपेटीचा आहे, हे पोस्टातल्या माणसाने आज सांगितलं. तिथे फक्त पत्र जाऊ शकतं, माणूस नाही. म्हणून पत्रच पाठवतेय. पाकिटात डब्यातल्या धाग्यांचा थोडा गोळा घातलाय. निळे धागे आहेत ते तू दुसरीत असतानाच्या शर्टांचे. हा माझा पुरावा. तुझा मला नको.

आज दुपारी नर्सबाई शिकवायला आल्या तर मी त्यांना म्हटलं, आता पुरे. त्या रागावल्या, म्हणाल्या, परत फसाल. फसेन. खातं मी जवळजवळ रिकामं ठेवलंय, तिकडच्या गाडीच्या तिकिटापुरतं सोडून. चोराने फोन केला तर त्याला न्यायला काही नाही. फोन मात्र चार्ज करून कायम पदराला बांधलेला असतो, भांडी घासतानासुद्धा.

कुठल्याही नंबरवरून लाव. कुणाच्याही आवाजात बोल. पलीकडून कुणीही "आई?" म्हटलं, तर मी हो म्हणणार आहे. चोर असला तरी म्हणणार आहे.

आई